किलोभराचं जनावर आणि त्याच्यामागचा लवाजमा

अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्या कुणाच्याही टेबलावर बघा, बऱ्याचदा हिरव्या रंगाचा एक जड प्रेस दिसेल आणि त्यावर आरसीबीएस अशी चार अक्षरं. बघणाऱ्याला वाटतं मालकाची आद्याक्षरं असतील. तसं नाहीये. रॉक चक बुलेट स्वेज, म्हणजे रॉकचक मारायच्या गोळ्या दाबून काढायचा साचा. रॉकचक हा पश्चिमेकडच्या डोंगरातला मार्मोट, खारीच्याच कुळातला पण चांगला मांजराएवढा जाडजूड. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली हा धंदा काढला. दुसरं महायुद्ध चालू होतं, दुकानात शिकारीच्या गोळ्या मिळेनात, मग पॉइंट टूटूची (म्हणजे इंचाच्या बावीस शतांश जाडीच्या बारक्या काडतुसाची) वापरून फेकलेली पितळी टरफलं गोळा करायची आणि त्यांनाच दाबून नव्या गोळीचं कवच करायचं, असा तो जुगाड.

हे आधी सांगायचं कारण असं की हल्ली लाँग रेंजवाले, म्हणजे फार लांबून नेम मारायचे शौकीन, नवीन स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण), नवीन नळी, गोळीचा वेग मोजायचा नवीन रेडार घेऊन "टेस्टिंगला" म्हणून साऊथ डकोटा नाहीतर मोंटानाच्या माळावर प्रेअरी डॉग मारायला जातात, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की दूर मारायचं सामान आधी आलं आणि ते वापरून बघायला कुणीतरी हे बिचारं जनावर शोधलं. खरं तर बरंचसं उलटं झालंय. या सामानातल्या निम्म्याअधिक वस्तू जन्माला आल्या त्याच अशा किलोभर, फार तर चार किलोच्या प्राण्यांपायी.

अशा जनावरांना तिकडे व्हार्मिंट म्हणतात. व्हार्मिंट हा व्हर्मिनचाच गावठी उच्चार. शेतकऱ्याला नको असलेलं जनावर, एवढाच अर्थ, प्राणिशास्त्रात त्याला काही जागा नाही. कोण उपद्रवी ते माणूस ठरवतो आणि ठरवलेलं बदलतोही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळे, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं अशांची वेगळी यादी होतीच, २०२२ च्या दुरुस्तीत ती गेली. बिहारमध्ये नीलगाय, म्हणजे आपले विदर्भातले रोही, ठराविक मुदतीपुरते उपद्रवी जाहीर झाले होते. पण आपल्याकडे त्यातून शेतकऱ्याचा वैताग आणि कोर्टकचेरी निघाली, अमेरिकेत त्यातून अख्खी इंडस्ट्री निघाली.

प्रेअरी डॉगचा कुत्र्याशी काही संबंध नाही. ती बिळात राहणारी खारच, धोका दिसला की भुंकल्यासारखा आवाज काढते म्हणून डॉग. १८०४ च्या सप्टेंबरात पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला आजच्या नेब्रास्कात ही वस्ती दिसली, तर त्यांनी बिळात पिंपंच्या पिंपं पाणी ओतून एक जिवंत पकडला आणि पुढच्या वर्षी एक जिवंत प्रेअरी डॉग थेट अध्यक्ष जेफरसनना पाठवून दिला! तेव्हा तो नवलाचा प्राणी होता. शंभर वर्षांत गुरांचे कळप माळावर आले आणि नवलाचा प्राणी शत्रू झाला. १९०२ च्या सुमारास सरकारी प्राणिशास्त्रज्ञ मेरियम यांनी हिशोब मांडला की २५६ प्रेअरी डॉग एका गाईएवढं गवत खातात. पुढच्या अभ्यासात हा आकडा बराच फुगलेला निघाला पण तोवर स्ट्रिक्निन लावलेलं धान्य बिळाबिळात पडायला लागलं होतं. लाखो एकरांवरची वस्ती बंदुकीने नाही, विषाने संपवली आणि पुढे प्लेगने. बंदुकीचा हिशोब त्या मानाने लहान, हे बंदूकवाल्यांनी आणि त्यांच्या विरोधकांनी, दोघांनीही लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि गंमत म्हणजे नेमबाजीचा शौक सुरू झाला तो या माळावर नाहीच. तो पूर्वेला, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क बाजूला, वुडचकवर. वुडचक म्हणजे ग्राउंडहॉग, तीन-चार किलोचा, क्लोव्हरच्या आणि गवताच्या शेतात बिळं पाडणारा. उन्हाळ्यात हरणाचा सीझन बंद, बंदूकवाले रिकामे, शेतकरी म्हणतो या आणि मारा. पण शेताला लागून दुसऱ्याचं घर, गोठा, गाई. म्हणजे गोळी दगडावर आपटून भलतीकडे उडता कामा नये, आवाजही फार नको. यातून जी मागणी निघाली ती अशी की गोळी हलकी हवी, खूप वेगात जायला हवी आणि कशालाही लागली की तिथल्या तिथे चुरा व्हायला हवी. आजची व्हार्मिंट गोळी याच तीन अटींवर उभी आहे, फक्त टोकाला प्लास्टिक आलं.

पहिलं मोठं नाव २२ हॉर्नेट या काडतुसाचं. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यातल्या टाऊनसेंड व्हीलन, वॉटकिन्स वगैरे हौशी लोकांनी जुन्या बारक्या काडतुसावर खटपट केली आणि १९३० मध्ये विंचेस्टरने तयार काडतूस बाजारात आणलं, तेसुद्धा त्यासाठीची बंदूक दुकानात यायच्या आधी. पाचच वर्षांनी, १९३५ ला, २२० स्विफ्ट. ४८ ग्रेनची गोळी, सेकंदाला ४,११० फूट. (एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन धरा, म्हणजे गोळी चोवीस-पंचवीस गुंजांची, सोनाराच्या काट्यावर तोलावी अशी.) त्या वेगाने लोक वेडे झाले आणि नळ्या जळाल्या, कारण एवढी बंदुकीची दारू जळून एवढ्या बारीक भोकातून गेली की नळीचा सुरुवातीचा भाग खरवडून निघतो. नळी जळते हे रडगाणं तेव्हापासूनचं.

वेगाच्या वेडाचा कळस म्हणजे पी. ओ. अ‍ॅक्ली यांनी बनवलेलं एक काडतूस, हत्ती मारायच्या मापाचं ३७८ वेदरबी घेतलं आणि त्याचं तोंड आवळून २२ ची गोळी बसवली, ५,००० फुटांचा वेग गाठायचा म्हणून. गाठला नाहीच. नाव काय ठेवलं तर इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर, म्हणजे कानठळ्याफोड्या म्हणा.

स्कोपचंही तसंच. हरणाला ८० यार्डांवरून मारायला लोखंडी माशी पुरते, २०० यार्डांवरच्या वुडचकचं डोकं माशीआडच लपतं. १९३० मध्ये बिल वीव्हर यांचा स्वस्त ३-३० स्कोप आला आणि दुर्बीण सामान्य माणसाच्या बंदुकीवर चढली. ज्यांच्याकडे पैसे होते ते पिट्सबर्गच्या जॉन अनर्टल यांचे लांबलचक स्कोप घ्यायचे. त्यांची नेम सरकवायची सोय दुर्बिणीच्या आत नव्हती, बाहेर माउंटवर मायक्रोमीटरसारखे स्क्रू, एकेक क्लिक पाव मिनिटाची (हे मिनिट वेळेचं नाही, कोनाचं, एका अंशाचा साठावा भाग). आता लोक "डायल केलं" म्हणतात ना, ते इथूनच.

युद्ध संपल्यावर खरा उधाण आला. लष्कराची उरलेली बंदुकीची दारू टनांनी पडून होती, कॅन्सस बाजूच्या ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेतली आणि टपालाने किरकोळीत विकली. (दारू टपालाने, हे वाचून कुणी खूश होऊ नका.) याच कंपनीच्या आजच्या एका लोकप्रिय दारूचं नाव व्हारगेट आहे, व्हार्मिंट आणि टार्गेट जोडून केलेलं. १९४७ ला सिएरा, १९४९ ला नेब्रास्कात हॉर्नाडी, अशा गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आणि याच चाळिशीच्या दशकात वुडचकवाल्यांपैकी काही जण जनावर सोडून नुसत्या टेबलावर बंदूक टेकवून कागदावर पाच गोळ्या एका भोकात घालायच्या नादी लागले, तीच बेंचरेस्ट शूटिंग. मूळ कुठलं ते वर्गांच्या नावातच राहिलंय, साडेदहा पाउंडांपर्यंतच्या बंदुकीचा लाइट व्हार्मिंट आणि साडेतेरापर्यंतच्या बंदुकीचा हेवी व्हार्मिंट. त्यातले कित्येक जण आयुष्यात एकही व्हार्मिंट मारत नाहीत.

आता एक किस्सा जरा सविस्तर सांगतो, कारण सामान कुणासाठी बनवलं हे चुकलं की काय होतं ते यातून कळतं. १९५५ मध्ये दोन कंपन्यांनी एकदमच ६ मिलिमीटरचं काडतूस आणलं, विंचेस्टरचं २४३ आणि रेमिंग्टनचं २४४. ताकद जवळपास सारखी, २४४ मध्ये दारू जराशी जास्तच बसायची. पण रेमिंग्टनने धरलं की हे व्हार्मिंटचं काडतूस, हलक्या गोळ्यांचं, म्हणून नळीतल्या पेचाचा (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचांचा) एक पूर्ण फेरा १२ इंचांत ठेवला. विंचेस्टरने १० इंचांत ठेवला. गोळी जितकी लांब तितकी तिला जास्त गरगर फिरवावी लागते, नाहीतर ती भोवऱ्यासारखी डुलायला लागते, त्यामुळे २४३ मधून १०० ग्रेनची हरणाची गोळी बिनधास्त जायची आणि २४४ बद्दल लोकांना खात्री नव्हती. गिऱ्हाइकाचं गणित सोपं, एकाच बंदुकीत उन्हाळ्यात वुडचक आणि थंडीत हरीण होत असेल तर दुसरी कोण घेतो! २४४ बसलं. रेमिंग्टनने पेच घट्ट केला, १९६३ मध्ये तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन नावाने परत आणलं, पण गेलेली गाडी काही परत मिळाली नाही. माझ्या मते व्हार्मिंटच्या अख्ख्या इतिहासात एवढं चांगलं काडतूस एवढ्या क्षुल्लक कारणाने कुणी घालवलं नसेल.

रेमिंग्टनचं दुसरं पोर मात्र भाग्यवान निघालं. माइक वॉकर यांचं १९५० चं २२२ आधी बेंचरेस्टमध्ये गाजलं, मग तेच थोडं लांबवून लष्करासाठी २२३ झालं, अमेरिकन लष्कराची एम-१६ रायफल ज्याच्यावर चालते ते. म्हणजे खारी मारायच्या काडतुसाचा वंशज जगभरातल्या सैन्यांत. आणि व्हिएतनामच्या वेळी, १९६६ मध्ये, अमेरिकन मरीन्सना स्नायपर रायफल तातडीने हवी झाली तेव्हा त्यांनी रेमिंग्टन ७०० ची जाड व्हार्मिंट नळीवाली बंदूकच घेतली, वर रेडफील्डचा ३-९ (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) शिकारी स्कोप लावला आणि तिला एम-४० नाव दिलं. त्या स्कोपमध्ये दोन आडव्या रेघा असायच्या, ठराविक उंचीची वस्तू झूम फिरवून त्या दोघींच्या मध्ये बसवायची की आतल्या पट्टीवर अंतर दिसायचं. पुढे मरीन्सनी मिल-डॉट (स्कोपमधल्या रेघांवरचे मोजमापाचे ठिपके) काढला आणि तो शिकाऱ्यांकडे परत आला. ही देवाणघेवाण अजून थांबलेली नाही.

पण मग रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, टेस्ट का करत नाहीत? करतात की, पण रेंज फार शहाणी जागा आहे. आपल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्य घेतलं त्यात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे अशक्य बारीक, पण अंतर ५० मीटर, ते कधीच बदलत नाही. प्रेअरी डॉगच्या वस्तीत एक २१० यार्डांवर उभा, दुसरा ३८५ वर, तिसरा कुठेतरी पलीकडच्या टेकाडावर, कुणाला अंतराची पाटी लावलेली नाही. छातीची रुंदी चारेक इंच. ४०० यार्डांवर एक मिनिटाचा कोन म्हणजे चार इंच, म्हणजे बंदूक एक मिनिटाची असेल तर सगळं बरोबर केलं तरी काठावर पास. त्यात ताशी दहा मैलांचं आडवं वारं २२३ च्या हलक्या गोळीला तिथे दीड-दोन फूट ढकलतं. वारं बघायला झाड नाही, झेंडा नाही, तापलेल्या जमिनीवरचं मृगजळ कुठल्या बाजूला वाहतंय ते स्कोपमधून वाचायचं. आणि सगळ्यात मोठी सोय, नेम चुकला की कोरड्या मातीत धूळ उडते, किती आणि कुठे चुकलो ते लगेच कळतं, सोबतचा माणूस दुर्बिणीतून "अर्धा फूट डावीकडे" ओरडतो. दिवसाला दोन-तीनशे गोळ्या सहज जातात, म्हणून लोक एकाऐवजी तीन बंदुका नेतात, एक तापली की बाजूला ठेवायची. रेंजवर वर्षभर लपून राहिलेली खोट, मग ती सैल माउंटची असो, क्लिक बरोबर न सरकण्याची असो की उन्हात दारूचा वेग बदलण्याची, इथे दुपारपर्यंत बाहेर पडते.

अंतराचा प्रश्न फार काळ भिजत पडला होता. पेनसिल्व्हेनियात विल्यम्सपोर्टला १९६७ मध्ये हजार यार्डांचा बेंचरेस्ट क्लब निघाला, त्या भागातले शिकारी दरीच्या या अंगावरून त्या अंगावर मारायचे आणि त्यासाठी युद्धातले टाकाऊ ऑप्टिकल रेंजफाइंडर, तिकाटण्यावर ठेवायचे लांबच्या लांब नळकांडे, उचलून न्यायचे. नव्वदीच्या मध्यावर खिशातला लेझर रेंजफाइंडर आला आणि त्या एका डबीने जेवढा फरक पडला तेवढा काडतुसांच्या पन्नास वर्षांनी पडला नसेल. वेगाचं तसंच. टेक्सासच्या ऑस्टिनमधल्या केन ओहलर यांच्या क्रोनोग्राफमुळे हौशी माणसाला पहिल्यांदा गोळीचा खरा वेग घरबसल्या कळायला लागला, पण दोन सेन्सरांच्या वरून गोळी जायची, ढग आला की आकडा चुकायचा, आणि सेन्सरलाच गोळी घातली नाही असा जुना क्रोनोग्राफवाला मला तरी भेटलेला नाही. २०१५ च्या सुमारास बाजूला ठेवायचा लॅबरेडार आला, २०२३ मध्ये गार्मिनचा तळहाताएवढा रेडार. आता माळावर बसून प्रत्येक गोळीचा वेग मोबाइलवर, तो वेग हवामानयंत्रात घालायचा, त्यातून किती क्लिक फिरवायच्या ते कळतं. कुठल्या अंतरावर गोळी किती खाली पडते ते लिहून दस्त्यावर चिकटवलेली चिठ्ठी गेली.

हे सगळं सोपं झालं तसं मधलं जनावर पुसट झालं, हे मात्र मला खटकतं. वुडचकवाला निदान शेतकऱ्याचं काम करत होता. आज जाणाऱ्यांपैकी बरेच जण सरळ म्हणतात की आम्ही टेस्टिंगला चाललोय, शिकार म्हणतही नाहीत, आणि तो प्रामाणिकपणा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. दरम्यान प्रेअरी डॉगवरच जगणारं काळ्या पायांचं फेरेट नामशेष झालं असं सगळ्यांनी धरलं होतं, १९८१ मध्ये वायोमिंगच्या मीटीत्सीजवळ एका रँचवरच्या कुत्र्याने एक तोंडात धरून घरी आणलं तेव्हा कळलं की अजून आहेत. शेवटचे १८ पकडून पुन्हा वाढवले. म्हणून साऊथ डकोटातल्या कोनाटा बेसिनमध्ये, जिथे ते सोडलेत, प्रेअरी डॉगवर गोळी चालवायला बंदी आहे.

आणि आता शिसं. चुरा होणारी गोळी हाच व्हार्मिंटचा मूळ गुण, पण तो चुरा मेलेल्या जनावरात राहतो आणि गरुड, ससाणे ते खातात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी घातली. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला घट्ट पेच लागतो. जुन्या २२-२५० च्या नळीत फेरा १४ इंचांचा. म्हणजे २४४ चीच कटकट परत दारात. म्हणून मग ३५-३६ ग्रेनच्या बिनशिशाच्या आखूड गोळ्या निघाल्या, त्या जुन्या नळीतून नीट जातात खऱ्या, पण ३०० यार्डांपुढे वारं त्यांना पाचोळ्यासारखं नेतं, आणि नेमकं किती नेतं ते बघायला लोक परत बंदुका गाडीत घालून निघतायत.