कुंडीतलं झाड आणि दारचा निंब

जळगाव-भुसावळकडच्या नर्सरीत स्नेक प्लांट किंवा अरेका पाम मागितला की विकणारा हमखास सांगतो, ‘हवा शुद्ध करतं, नासानं सांगितलंय.’ नासानं सांगितलं होतं खरं. पण कुठल्या हवेबद्दल?

1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत इंधन वाचवायला इमारती घट्ट बंद बांधू लागले. आत प्लायवूड, रंग, गालिचे यांतून फॉर्मल्डिहाइड, बेंझिनसारखे वायू साचू लागले. अंतराळयानाचं दुखणंही तेच, तिथे खिडकी उघडायची सोयच नाही. म्हणून नासाच्या बिल वोल्व्हर्टन यांनी हवाबंद पेटीत कुंडी ठेवून हे वायू सोडले. प्रमाण घटलं. 1989 च्या त्या अहवालात पानांपेक्षा जास्त श्रेय मुळांना आणि त्यांच्यापाशी असणाऱ्या मातीला, तिच्यातल्या सूक्ष्मजीवांना दिलं आहे. नर्सरीपर्यंत पोचताना पेटीही गळाली आणि मातीही.

पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे जुने प्रयोग पुन्हा तपासले. इमारतीत हवा एरवी जेवढी बदलत असते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा हिशेब निघाला. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत किमान नव्वद कुंड्या. मग खाट कुठे टाकायची?

शिवाय आपलं घर कुठे हवाबंद? मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की कूलर लागतो, आणि समोरची खिडकी किलकिली ठेवल्याशिवाय कूलर गार करत नाही, हे खान्देशात पोरालाही ठाऊक. बाहेरची हवा सारखी आत येते. एसी लावून दारं लोटलेल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी. पण तिथेही एक मनी प्लांट पुरणार नाही.

आपलं खरं दुखणं धुळीचं. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जळगावचं नाव आलं, आणि त्या कार्यक्रमाचा रोखच धूलिकणांवर आहे. तिथे बाहेरचं झाड कामाचं, आणि त्याची रीतही निराळी: ते मुख्यतः पानांवर धूळ झेलतं. कुठलं झाड प्रदूषणात तग धरेल, हे पानातलं क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, आम्लता आणि पाणी यांवरून मोजायचं सूत्र सिंग आणि राव या संशोधकांनी 1983 मध्ये मांडलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2000 मध्ये हरितपट्ट्यांची मार्गदर्शिका काढली. कडुनिंब त्यात आहेच.

आपल्या आज्यांनी सूत्र न मांडता दारात निंब लावला तो सावलीसाठी. पण तो फाल्गुनाच्या सुमारास झडतो आणि चैत्रात पालवतो. म्हणजे वावटळी सुटायच्या दिवसांत नेमका पानांनी भरलेला असतो. वैशाखात ती पानं करडी पडतात. मृगाचा पाऊस ती धूळ धुऊन खाली मातीत घालतो.

सहा नंबरचा हायवे, आताचा 53, चौपदरी होताना कडेचे असे कितीतरी जुने निंब गेले. दुभाजकात आता कण्हेर आहे, माणसाच्या छातीइतकी.