जालना व सोलापूर हातपंप

खोल विंधन विहिरीतून माणसाच्या बळावर पाणी उपसणारे हे दोन हातपंप १९६० च्या दशकात महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनच्या पाणीपुरवठा कामातून पुढे आले. आज खेडोपाडी हापसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘इंडिया मार्क टू’चे हे थेट पूर्वज.

जालन्यात स्कॉटिश मिशनचे काम एकोणिसाव्या शतकापासून होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यातील या भागात मिशन उभे केले आणि जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांत मांग आणि महार कुटुंबांचा भरणा मोठा होता. गावच्या विहिरीवर या वस्त्यांना मज्जाव असे. दुष्काळात सवर्णांची विहीर आटली की ते शेजारच्या विहिरीवर जात. वस्तीला तोही मार्ग नव्हता. त्यामुळे दवाखाना आणि शाळा चालवणाऱ्या मिशनला पाण्याचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हताच.

अडचण होती ती जमिनीची. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. वरच्या मुरमात खणलेली विहीर फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरते. खालच्या भेगांमधले पाणी गाठायचे तर पाषाण भेदावा लागतो, आणि पहार-सुरुंगाने ते काम महिनोन्‌महिने चालते. दाबलेल्या हवेवर चालणारी, तळाशी हातोड्यासारखे ठोके देणारी वेधनयंत्रे आल्यावर तेच काम दिवसांवर आले. परदेशी चर्च आणि मदतसंस्थांच्या पैशातून अशी यंत्रे मिशनकडे आली. याच सुमारास, १९६६ मध्ये, चर्चशी निगडित संस्थांच्या पुढाकाराने दिल्लीत ‘ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन’ (अफ्प्रो) ही संस्था निघाली आणि भूजलाच्या कामाला तांत्रिक सल्ला देऊ लागली.

बोअर झाली, पाणीही लागले, पण वर बसवायचे काय? तेव्हा मिळणारे पंप बिडाचे होते. युरोप-अमेरिकेत एका घराच्या अंगणात दिवसाकाठी थोडा वेळ चालवायच्या पंपांच्या त्या नकला. इकडे तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसे हापसत. दांड्याचे सांधे झिजत, खिळी निखळत, बीड तडकत. १९७० च्या दशकाच्या मध्यावर झालेल्या पाहण्यांत तर कोणत्याही वेळी चारातले तीन हातपंप बंद असल्याचे आढळले. सरकारी आकडेवारीत मात्र खोदलेल्या बोअर मोजल्या जात, चालू पंप नव्हेत.

मिशनच्या यांत्रिकांचे वेगळेपण इथे दिसते. ठेकेदार पंप बसवून निघून जाई. मिशन त्याच तालुक्यात राही आणि बिघडलेल्या पंपाची तक्रार त्याच्याच दारी येई. पुन्हापुन्हा तेच सांधे दुरुस्त करताना दोष कुठे आहे हे कळत गेले. जालन्याच्या कार्यशाळेने बिडाऐवजी पोलाद घेतले आणि दांड्याचे अनेक सांधे काढून एकच आस ठेवला. सोलापुरात बोअर आणि पंपांचे काम करणाऱ्या ‘सोलापूर वेल सर्व्हिस’ने ही रचना आणखी भक्कम केली. या सोलापूर पंपात दांड्याच्या टोकाशी कमानीवरून साखळी जाते, त्यामुळे आतली सळई तिरकी न ओढली जाता सरळ वर-खाली होते. आसाला बंद बेअरिंग असल्याने रोज वंगण घालावे लागत नाही. शोध म्हणून यात दिपवणारे काही नाही. तरीही त्या काळात देशात टिकाऊ म्हणावा असा पंप हाच होता.

गावोगाव हातपंप बसवण्याच्या सरकारी कार्यक्रमाला मदत करणाऱ्या युनिसेफने पुढे सोलापूर पंप आधाराला घेतला. कोइमतूर परिसरात चाचण्या झाल्या आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीच्या मद्रासच्या कारखान्याने १९७७ च्या सुमारास इंडिया मार्क टूचे उत्पादन सुरू केले. १९७९ मध्ये भारतीय मानक ठरले. सिमेंटच्या ओट्यात रोवलेली तीन पायांची बैठक आणि तिच्या आत घुसणारी केसिंगची, म्हणजे बोअरच्या तोंडाशी अस्तरासारखी बसवलेली नळी यांमुळे सांडपाणी बोअरमध्ये झिरपणे बरेच थांबले. पाणी स्वच्छ राहण्यात पंपाइतकाच या ओट्याचा वाटा आहे, पण कामात कसर होते ती नेमकी तिथेच. रचनेचे पेटंट कोणी घेतले नाही, म्हणून कोणताही कारखाना मानकाप्रमाणे पंप बनवू शकला. पुढे तो आफ्रिकेतही पोचला. युगांडात त्याचे ‘यू टू’ हे रूप रुळले.

मार्क टूची एक खोड राहिली: खालच्या दट्ट्याचा चामडी वॉशर बदलायचा तर पाइपांची सगळी माळ वर ओढावी लागते. त्याला माणसे, अवजारे, गाडी लागते आणि वस्तीचा पंप महिनोन्‌महिने बंद राहतो. मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद करून दट्ट्या वरूनच काढण्याची सोय झाली.

दुसरी मर्यादा पंपाच्या हाताबाहेरची. मार्क टू साधारण ५० मीटरपर्यंतचे पाणी उचलतो. ऊस आणि फळबागांसाठी विजेचे पंप त्याहून खोल गेले, तशी हापशांतून हवा येऊ लागली. त्यामुळे ख्रिस्ती संस्थांच्या कामाचाही रोख बदलला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात काम केलेले स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी बोअरपेक्षा पाणलोटावर भर दिला. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्याच प्रयत्नांतून उभा राहिला आणि १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. या कार्यक्रमात गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आधी मान्य करायची आणि मग बांधबंदिस्ती व्हायची, असा क्रम होता.