न्यू जर्सीचा डॉलर जातो कुठे?

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक मराठी अभियंता तीस वर्षे नोकरी करतो. दर पगारातून सोशल सिक्युरिटीचे (केंद्राची पेन्शन योजना) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के कापले जातात, आयकर वेगळा. निवृत्तीनंतर बर्फाला कंटाळून तो फ्लोरिडात घर घेतो. आता त्याची पेन्शन आणि दवाखान्याची बिले फ्लोरिडाच्या नावावर पडतात. केंद्राला भरले किती आणि केंद्राकडून मिळाले किती, या राज्यवार ताळेबंदात न्यू जर्सी देणारी, फ्लोरिडा घेणारा. माणूस मात्र तोच.

अमेरिकेत या ताळेबंदावरून जुनी भांडणे आहेत. न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९७०च्या दशकात आपल्या राज्यासाठी तो मांडायला सुरुवात केली. न्यू जर्सी, मॅसेच्युसेट्स, कनेक्टिकट बहुधा देणाऱ्यांच्या रांगेत दिसतात. मिसिसिपी, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी घेणाऱ्यांच्या. २०१६च्या निवडणुकीनंतर कॅलिफोर्नियात ‘कॅलेक्झिट’ची, म्हणजे अमेरिकेतून फुटून निघण्याची, हाक उठली, तेव्हाही एक मुद्दा हाच होता: आम्ही भरतो जास्त, मिळते कमी. (एकतर्फी फुटण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्येच बंद केला आहे. पण गणित करून पाहायला कायद्याची आडकाठी नाही.)

गणितात पहिली मेख ‘मिळाले’ या शब्दातच आहे. व्हर्जिनियाला केंद्राचा भरपूर पैसा मिळतो, कारण पेंटॅगॉन तिथे, नॉरफोकचा नौदल तळ तिथे. त्या पगारांवर व्हर्जिनियाची बाजारपेठ चालते हे खरे, पण नौदल राखण करते ती सगळ्या देशाची. करांचेही तसेच. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचा कर महाराष्ट्राच्या नावावर दिसतो, नफा मात्र देशभरातून आलेला असतो. आपल्याकडच्या ‘आम्हीच देश पोसतो’ या वादात ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

काही पैसा मात्र खरोखरच श्रीमंतांकडून गरिबांकडे जातो. आयकर चढत्या दराचा असल्याने जास्त पगारांची राज्ये जास्त भरतात. गरिबांच्या आरोग्य योजनेत, मेडिकेडमध्ये, मूळ सूत्रानुसार न्यू जर्सीला निम्मा खर्च परत मिळतो, तर मिसिसिपीला पाऊण हिश्श्याहून अधिक.

माझ्या मते या देण्याकडे विम्याचा हप्ता म्हणून पाहायला हवे. एखाद्या राज्याचा धंदा बसला की तिथून जाणारा कर आपोआप घटतो आणि बेकारी भत्ता वगैरे वाढतो. राज्याचे उत्पन्न एक डॉलरने घटले, तर त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग केंद्र भरून काढते, असा अंदाज अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स आणि झेवियर साला-इ-मार्टिन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला. पुढच्या एका अभ्यासात हा वाटा १३ टक्केच निघाला. धक्का पचवण्याचे मोठे काम, त्या अभ्यासानुसार, देशभर पसरलेली गुंतवणूक आणि कर्जबाजार करतात. पण मध्ये सरहद्द आली तर त्यांचा ओघही पूर्वीसारखा राहील याची हमी कोण देणार?

सरहद्दीची किंमत कॅनडात मोजली गेली. १९८८च्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञ जॉन मॅकॅलम यांनी दाखवले की कॅनडाचे प्रांत आपापसांत जेवढा व्यापार करतात, तो तेवढ्याच मोठ्या आणि तेवढ्याच दूरच्या अमेरिकी राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या वीसपटींहून जास्त आहे. पुढे सुधारित पद्धतीने पाहिले तेव्हा सरहद्दीमुळे दोन देशांमधला व्यापार ४४ टक्क्यांनी घटतो असे निघाले. हाही आकडा लहान नाही, आणि तोही भाषा, चालीरीती बऱ्याच सारख्या असलेल्या शेजाऱ्यांमधला.

शिवाय कर्ज आहेच. २०२४च्या अखेरीस अमेरिकेचे केंद्रीय कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या वर होते. डोईप्रमाणे वाटणी केली तर कॅलिफोर्नियाच्या वाट्याला सुमारे ४ लाख कोटी येतात, म्हणजे राज्याचे जवळपास वर्षभराचे एकूण उत्पादन.

अशी वाटणी प्रत्यक्षात केली चेकोस्लोव्हाकियाने. १ जानेवारी १९९३ला भांडणतंटा न होता दोन देश झाले, मालमत्ता बहुतांशी लोकसंख्येच्या दोनास एक प्रमाणात वाटली गेली, आणि कोरुना हे चलन काही महिने एकच ठेवायचे ठरले. स्लोव्हाकियाचा कोरुना घसरणार या धास्तीने लोकांनी पैसे चेक बँकांकडे हलवायला सुरुवात केली. सहा आठवडेही धड झाले नव्हते, तोच ८ फेब्रुवारीला चलन वेगळे करावे लागले. नव्या नोटा छापून तयार नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर तिकिटे चिकटवून काम भागवले.