आराखडा पक्का होण्याआधी: शहरी प्रकल्पांच्या आरोग्य परिणाम मूल्यमापनाची पार्श्वभूमी

रस्ता रुंद करणे, उड्डाणपूल बांधणे, जुनी वसाहत पाडून नवी उभारणे, कचरा प्रक्रिया केंद्राची जागा ठरवणे, हे निर्णय बांधकाम किंवा नगररचना विभागाच्या फायलीत घेतले जातात. त्यांचा भार मात्र लोकांच्या फुप्फुसांवर, झोपेवर, चालण्या-फिरण्यावर आणि घरखर्चावर पडतो. प्रकल्प कागदावर असतानाच हे परिणाम तपासायचे आणि ते कोणाच्या वाट्याला किती येतील हेही सांगायचे, या पद्धतीला आरोग्य परिणाम मूल्यमापन म्हणतात. तिचा इतिहास पाहताना एक प्रश्न वारंवार समोर येतो: मूल्यमापन निर्णयाच्या आधी पोहोचले की नंतर?

नगररचना आणि सार्वजनिक आरोग्य ही क्षेत्रे मुळात जोडलेलीच होती. एडविन चॅडविक यांनी 1842 मध्ये ब्रिटनमधील कष्टकरी वस्त्यांच्या स्वच्छतेवर अहवाल लिहिला आणि 1848 मध्ये तिथे पहिला सार्वजनिक आरोग्य कायदा झाला. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज अवघड केले, तेव्हा अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांच्या योजनेला वेग आला. त्या काळी गटार, घर आणि आजार यांचा विचार एकत्रच होत असे. जंतुशास्त्र प्रस्थापित झाल्यावर आरोग्य खाते लस, दवाखाने आणि प्रयोगशाळा यांच्याकडे वळले, तर नगररचनेने जमीनवापराचे विभाग आखण्याचे काम हाती घेतले. न्यूयॉर्कची 1916 ची विभागनियमावली इमारतींच्या सावलीत हरवणारा उजेड आणि हवा वाचवण्यासाठी होती. 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात अशी विभागणी वैध ठरवली, तेव्हाही आरोग्य आणि सुरक्षितता हाच मोठा आधार होता. पुढे मात्र ‘आरोग्य’ हा शब्द बहुतांशी कायद्याच्या प्रस्तावनेपुरता उरला.

आजच्या पद्धतीत तीन प्रवाह येऊन मिळाले आहेत. पहिला पर्यावरणाचा. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा 1 जानेवारी 1970 रोजी अमलात आला आणि मोठ्या सरकारी प्रकल्पांना पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन लागू झाले. माणसाचे आरोग्य आणि कल्याण या कायद्याच्या उद्देशातच आहे. व्यवहारात मात्र आरोग्याचे प्रकरण ‘प्रदूषक मर्यादेत आहे की नाही’ एवढ्यावर येऊन थांबले. हा तर्क आजही अनेक अहवालांत दिसतो आणि तो चुकीचा आहे. सूक्ष्म धूलिकणांसाठी, म्हणजे पीएम 2.5 साठी, ज्याच्या खाली धोका उरतच नाही अशी पातळी सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वार्षिक सरासरीची शिफारस 2005 मध्ये घनमीटरला 10 मायक्रोग्रॅम ठेवली होती, ती 2021 मध्ये 5 वर आणली. मर्यादेच्या आत राहूनही प्रकल्पाने 2 मायक्रोग्रॅमची भर घातली, तर ती भर किती लोकसंख्येवर पडते हे सांगावेच लागते.

दुसरा प्रवाह धरणांचा. 1960 च्या दशकात घानातील अकोसोम्बो धरणामागे व्होल्टा जलाशय तयार झाला आणि काठच्या गावांतील मुलांमध्ये गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या शिस्टोसोमियासिस या परजीवी आजाराचे प्रमाण झपाट्याने वाढले. हा धोका अभियंत्यांच्या गणितात नव्हता. असे अनुभव साचत गेल्यावर जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी 1981 मध्ये तज्ज्ञांचे संयुक्त मंडळ नेमले. आशियाई विकास बँकेने 1992 मध्ये विकास प्रकल्पांच्या आरोग्य मूल्यमापनासाठी मार्गदर्शिका काढली. प्रकल्पाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा धोका वेगळा पाहण्याची सवय या कामात पक्की झाली.

शहरांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रवाह तिसरा. कॅनडाचे आरोग्यमंत्री मार्क लालोंद यांच्या 1974 च्या दस्तऐवजाने आरोग्य रुग्णालयाबाहेरही घडते हे सरकारी भाषेत मांडले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेतील 1986 च्या ओटावा जाहीरनाम्याने सर्वच खात्यांच्या धोरणात आरोग्याचा विचार मागितला. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1993 पासून मंत्रिमंडळापुढील प्रस्तावांना आरोग्य मूल्यमापनाची जोड दिली. पण ही व्यवस्था काही अधिकाऱ्यांच्या उत्साहावर उभी होती. प्रशासनाची घडी बदलली आणि दशक संपण्याआधीच ती ओसरली. ब्रिटनमध्ये 1998 च्या अ‍ॅचेसन अहवालाने आरोग्यातील विषमतेवर होणारा परिणाम तपासण्याची शिफारस केली. डिसेंबर 1999 मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ठरलेली आरोग्य परिणाम मूल्यमापनाची व्याख्या आजही आधार मानली जाते. लोकसंख्येच्या आरोग्यावरील संभाव्य परिणाम आणि त्या परिणामांची लोकसंख्येतील वाटणी, असे तिचे दोन भाग आहेत. आमच्या मते दुसरा भाग हाच या पद्धतीचा गाभा आहे. शहराची सरासरी सुधारत असताना एखाद्या वस्तीचे आयुष्य बिघडू शकते, आणि सरासरी ते झाकून टाकते.

शहर सरकारांनी ही पद्धत साधारण 2000 पासून आपलीशी केली. लंडनच्या महापौरांवर 1999 च्या कायद्याने शहरवासीयांच्या आरोग्याचा विचार करण्याची जबाबदारी आली. वाहतुकीसह विविध धोरणांच्या मसुद्यांवर झटपट मूल्यमापने झाली: आधी उपलब्ध पुराव्यांचा आढावा, मग संबंधितांची कार्यशाळा आणि तिथून थेट मसुद्यातील बदल. मसुदा अजून मसुदाच होता, म्हणून हे शक्य झाले.

सॅन फ्रान्सिस्कोतील ट्रिनिटी प्लाझाचे प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. 2003 मध्ये 360 भाडेनियंत्रित घरांची ही इमारत पाडून तिथे विक्रीसाठी घरे बांधण्याचा प्रस्ताव आला. भाडेकरू विस्थापित होणे हा पर्यावरणीय परिणाम नाही, अशी नियोजन विभागाची सुरुवातीची भूमिका होती. शहराच्या आरोग्य विभागाने लेखी हरकतीत साखळी मांडली: स्वस्त घर गेले की कुटुंब दाटीच्या किंवा निकृष्ट घरात जाते, भाड्यात अधिक पैसे जाऊन अन्न आणि औषधांना कात्री लागते, शेजाऱ्यांचा आधार तुटतो, कामाची जागा दूर पडते. प्रत्येक दुव्याला प्रकाशित संशोधनाचा आधार होता. त्यानंतर विस्थापनाच्या परिणामांचा अभ्यास करण्याची अट आली आणि वाटाघाटींनंतर विकासकाने नव्या प्रकल्पात 360 भाडेनियंत्रित घरे बांधून देण्याचे मान्य केले. हरकत कच्च्या टप्प्यावर आली हे तिच्या यशाचे मोठे कारण. बांधकाम परवाना निघाल्यावर तेच पुरावे केवळ नोंद होऊन राहिले असते.

अटलांटाने जुन्या रेल्वेमार्गांवर 22 मैलांचे वर्तुळ कल्पून बाग, पायवाटा, वाहतूक आणि घरे यांची बेल्टलाइन योजना आखली, तेव्हा 2005 ते 2007 दरम्यान तिचे मूल्यमापन झाले. काम सुमारे 25 वर्षे चालणार होते. त्यामुळे काय बांधायचे यासोबत कोणत्या भागात आधी बांधायचे, हाही आरोग्याचा प्रश्न ठरला.

कायद्याचा जोर हळूहळू आला. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील आरोग्यावरील परिणाम पाहण्याची तरतूद 2002 पासून लागू आहे. थायलंडच्या 2007 च्या राज्यघटनेने आरोग्याला गंभीर धोका असलेल्या प्रकल्पांना मूल्यमापनाची अट घातली. ती पाळली नाही म्हणून 2009 मध्ये मॅप ता फुट औद्योगिक क्षेत्रातील 76 प्रकल्प न्यायालयाने थांबवले. गुंतवणूक झाल्यावर आलेली ही तपासणी सर्वांनाच महागात पडली. युरोपीय संघाने 2014 च्या सुधारित निर्देशात ‘लोकसंख्या आणि मानवी आरोग्य’ हे शब्द स्पष्टपणे घातले, तर वेल्सच्या 2017 च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांसाठी मूल्यमापनाची तरतूद केली.

पद्धतीचे टप्पे आता बहुतेक ठिकाणी सारखे आहेत: छाननी, व्याप्ती ठरवणे, मूल्यमापन, शिफारशी, अहवाल आणि पाठपुरावा. छाननीत पाहायचे ते एवढेच, की निर्णय अजून बदलू शकतो का. बदलू शकत नसेल तर तो वेळ दुसऱ्या प्रकल्पाला द्यावा. व्याप्ती ठरवताना परिणामांचे दोन-चार मार्गच निवडावेत; तीस मार्गांची यादी केली की प्रत्येकाला अर्धे पान मिळते आणि कशाचाच हिशेब लागत नाही.

हिशेबाचा नमुना असा. पायी चालण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हीट’ या साधनात आठवड्याला 168 मिनिटे चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 11 टक्क्यांनी कमी धरला जातो. समजा, नव्या पदपथांच्या परिसरात 10,000 प्रौढ आहेत आणि त्यांच्यात वर्षाला 60 मृत्यू होतात. प्रत्येकाचे चालणे आठवड्याला 84 मिनिटांनी वाढले तर घट 5.5 टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे 3.3 मृत्यू कमी. पण चालणे खरोखर वाढवणारे 30 टक्केच असतील, तर आकडा साधारण 1 वर येतो. जे आधीपासूनच चालत होते त्यांना या लाभात मोजणे ही नेहमीची चूक आहे, आणि त्यामुळे प्रकल्प आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

रस्त्यांच्या प्रकल्पात बहुतेक घोळ वाहतुकीच्या आकड्यांपासून सुरू होतो. रुंद रस्ता नवी वाहने ओढतो. ही वाढ वाहतुकीचा अंदाज काढणाऱ्या प्रतिमानात धरलेली नसेल, तर हवा आणि आवाज दोन्हींचे अंदाज कमी येतात. वाहने दुप्पट झाली की आवाज 3 डेसिबलने वाढतो, आणि ‘कानाला जेमतेम जाणवणारी वाढ’ म्हणून अहवाल ती सोडून देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या युरोपसाठीच्या शिफारशीत रस्त्यावरील रात्रीच्या आवाजाची पातळी 45 डेसिबल आहे. ती आधीच ओलांडलेल्या वस्तीत आणखी 3 डेसिबल म्हणजे झोपेवर आणखी भार. मोठ्या महामार्गाच्या धुराचा प्रभाव साधारण 300 ते 500 मीटरपर्यंत पोहोचतो. त्या पट्ट्यातील शाळा, दवाखाने आणि वृद्धांची घरे नकाशावर एक-एक करून दाखवावीत, शहरभराची टक्केवारी तिथे निरुपयोगी आहे.

शिफारशीत ‘योग्य हरित उपाय करावेत’ असे लिहिले की ते कोणीच करत नाही. कोणता विभाग, कोणत्या खर्चशीर्षातून, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या मापाने, हे चार तपशील असल्याशिवाय शिफारस निविदेत उतरत नाही.

पाठपुरावा हा सर्वांत दुबळा टप्पा, कारण त्याचा पैसा आणि माणसे अहवालासोबतच संपतात. काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती नंतर मोजता येत नाही. म्हणून आवाजाची 24 तासांची नोंद, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशीची पादचारी मोजणी आणि धूलिकणांची ऋतुनिहाय मापे खोदकामाच्या आधी घ्यावी लागतात. उद्घाटनानंतर एका वर्षाने त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत तीच मोजणी पुन्हा करायची असते. या दुसऱ्या मोजणीचा खर्च प्रकल्पाच्या मूळ अंदाजपत्रकातच वेगळी बाब म्हणून धरावा.