दर ऑगस्टला उगवणारा दुसरा चंद्र

ऑगस्टमध्ये पुण्यात आकाश दिसलं तर नशीब. तरीही आकाशदर्शनाचा नाद असलेल्या माणसाला याच महिन्यात हमखास विचारणा होते, "२७ तारखेला रात्री साडेबाराला दोन चंद्र दिसणार आहेत म्हणे?" विचारणारी कधी आत्या असते, कधी सोसायटीचे सेक्रेटरी. दुसरा चंद्र म्हणजे चंद्राएवढा दिसणारा मंगळ. ही बातमी आली २००३ सालच्या एका ई-मेलमधून, आणि गंमत अशी की तो मेल मुळात बराचसा खरा होता.

२७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला. जवळपास ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आलेला नव्हता, आणि याहून जवळ येईल तो थेट २२८७ साली. मेलमध्ये पुढे मंगळाच्या बिंबाचा आकार दिला होता, २५.११ विकला (एका अंशात ३,६०० विकला). ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून हे बिंब नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढं भासेल, असंही म्हटलं होतं. हिशेब करून पाहा. २५.११ गुणिले ७५ म्हणजे सुमारे १,८८० विकला, आणि चंद्रबिंब भरतं जेमतेम अर्धा अंश, म्हणजे १,८०० विकला किंवा थोडं जास्त. वाक्य चोख आहे. फक्त मेलमध्ये ते मधोमध तुटलं होतं. दुर्बिणीची अट वरच्या ओळीत राहिली आणि "मंगळ नुसत्या डोळ्यांना पूर्ण चंद्राएवढा दिसेल" हे खाली सुटं पडलं. घाईत वाचणाऱ्याने खालचं तेवढं उचललं. पुढच्या एखाद्याने अट कापूनच टाकली.

दुसरी गफलत याहून साधी. तारीख होती, साल नव्हतं. त्यामुळे मेल शिळा होईना. मंगळ सरासरी २६ महिन्यांनी एकदा प्रतियुतीत, म्हणजे आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, येतो आणि तेव्हाच तो जवळ असतो. म्हणून एका वर्षी ऑगस्टमध्ये जवळ असलेला मंगळ पुढच्या ऑगस्टमध्ये जवळ असूच शकत नाही. २००४ च्या ऑगस्टअखेर तर तो सूर्यापलीकडे गेलेला होता, दिसायचाच बंद झाला होता. मेलला त्याचं काय! २००५ च्या जुलैत नासाला या अफवेपासून सावध करणारा लेख काढावा लागला. तोवर मजकुराची सजवलेली स्लाइड-फाइल झाली होती, आणि शेवटी ठळक अक्षरांत "आज जिवंत असलेल्या कुणालाही हे पुन्हा दिसणार नाही, मुलानातवंडांना सांगा" अशी विनवणी.

ही विनवणी आपल्याला अनोळखी नव्हती. संतोषीमातेच्या किंवा तिरुपतीच्या बालाजीच्या नावाने येणारी पोस्टकार्डं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना साचा पाठ आहे. अमुक इतक्या जणांना हा मजकूर लिहून पाठवा, अमक्याला लॉटरी लागली, तमक्याने कार्ड फाडलं आणि त्याचा धंदा बुडाला. पण तिथे हाताने लिहावं लागे, कार्डांचे पैसे पडत. ई-मेलने दोन्ही कष्ट वाचवले. भारतात विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. पुढच्या वर्षी हॉटमेल ही ई-मेल सेवा आली आणि मेलचा पत्ता फुकट झाला. (त्याच्या दोन संस्थापकांपैकी सबीर भाटिया काही काळ पुण्याच्या बिशप्स शाळेत शिकले. अभिमानाच्या यादीत हेही असू द्यावं, फॉरवर्डांसकट.) अमेरिकेत तोवर १९९४ च्या अखेरीस 'गुड टाइम्स' नावाची अफवा फिरून गेली होती. या शीर्षकाचा मेल नुसता वाचला तरी हार्ड डिस्क पुसली जाईल, सगळ्यांना कळवा. असा व्हायरस नव्हताच; पसरत होता तो इशारा.

मंगळाचा मेल मात्र भीतीवर चालला नाही. तो चालला हौसेवर, म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून आहे, विद्यापीठाच्या आवारात आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, आणि घरटी नाही तरी वाड्यागणिक एक तरी दुर्बीणवेडा सापडतो. नातेवाइकांच्या लेखी तोच खगोलशास्त्रज्ञ. त्याच्याकडून एकदा मेल आला की पुढे कुणी तपासत बसत नाही. ऑफिसच्या इनबॉक्समधून, याहू ग्रुप्स या ई-मेल गटांवरून या गोष्टी फिरत असताना जाणकार मंडळी गप्प नव्हती, उलट सगळ्यांना एकदम उत्तर देऊन चूक दाखवत होती. पुणेकराला ती संधी सोडवत नाही. पण प्रत्येक दुरुस्तीच्या खाली मूळ मेल जसाच्या तसा चिकटलेला असे, आणि पुढे पाठवणारा वरचं खोडून खालचंच पाठवी.

दिवाळीच्या रात्रीचा म्हणून फिरणारा भारताचा रंगीत 'उपग्रह फोटो' याच जातीचा. चित्र खोटं नाही. उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेले रात्रीचे दिवे त्यात एकावर एक ठेवलेले आहेत, आणि कोणत्या वर्षी कुठे नवे दिवे दिसले ते रंगांवरून कळतं. शहरं कशी वाढली ते दाखवणारा हा नकाशा. खाली असलेलं रंगांचं स्पष्टीकरण गळलं आणि त्याची दिवाळी झाली. नासाने २०१२ मध्ये दिवाळीच्या सुमाराचा खरा फोटो प्रसिद्ध केला. रोजच्यासारखेच दिवे, रोषणाईचा फरक अवकाशातून कळण्याजोगा नाही. तो फोटो अर्थातच कुणी फॉरवर्ड केला नाही.

याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात बंद पडलं, पण मजकूर त्याआधीच व्हॉट्सॲपवर राहायला गेला होता. तिथे अफवांचं रूप किती भयंकर होऊ शकतं ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. योगायोग असा की मंगळही त्याच महिन्यात २००३ नंतर सर्वांत जवळ आला होता, ५ कोटी ७६ लाख किलोमीटरवर, आणि २७ जुलैच्या रात्री खग्रास चंद्रग्रहणाच्या वेळी चंद्राच्या शेजारीच होता. नुसत्या डोळ्यांना दिसला तो एक लालसर, ठळक ठिपका. पुन्हा तेवढा जवळ तो २०३५ च्या सप्टेंबरात येईल.