शिंगं नक्की कोणाची? इतिहासातला व्हायकिंग आणि स्टेडियममधला व्हायकिंग

भाचा मिनियापोलिसला असतो. दिवाळीचा फराळ पोचल्याची पोच म्हणून त्यानं एक टोपी पाठवली. जांभळी, दोन्ही बाजूंना फोमची पांढरी शिंगं आणि कानांपाशी लोकरीच्या दोन पिवळ्या वेण्या. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव मिनेसोटा व्हायकिंग्ज. सामन्याच्या दिवशी एरवी सरळमार्गी असलेली माणसंही ही टोपी घालून डरकाळ्या फोडतात म्हणे. सोबत चिठ्ठी होती, ‘मामा, अस्सल व्हायकिंग टोपी!’

टोपी झकास आहे. मी अडलो तो ‘अस्सल’पाशी.

व्हायकिंग म्हणताना आपण दोन वेगळ्या माणसांना एकाच नावानं हाक मारतो. एक आठव्या ते अकराव्या शतकातला, स्कँडिनेव्हियातला (म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्ककडचा), बोटीवरचा. दुसरा एकोणिसाव्या शतकात जन्मला, जर्मन नाट्यगृहात बाळसं धरलं आणि आता टीव्हीवर, स्टेडियममध्ये नि बिअरच्या डब्यावर राहतो. दोघांचं नातं आहे, पण दत्तकाचं.

आधी थोरल्याकडे. ‘व्हायकिंग’ हे वंशाचं किंवा देशाचं नाव नव्हतं. जुन्या नॉर्स भाषेत ‘वीकिंग्र’ म्हणजे समुद्रावरून धाड घालायला गेलेला माणूस आणि ‘वीकिंग’ म्हणजे ती मोहीम. आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द मुलूखगिरी. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ओर्कनी बेटांवरच्या स्वेन आस्लेइफ्सनचं बाराव्या शतकातलं वर्षाचं वेळापत्रक जुन्या कथांत नोंदलेलं आहे. वसंतात तो शेतात भरपूर पेरणी करी. ती उरकली की हेब्रिडीज बेटांवर आणि आयर्लंडवर धाड. उन्हाळा निम्मा सरला की घरी. पीक कापून घरात आलं की पुन्हा दुसरी धाड. पावसाळाभर नांगर धरून दसऱ्याला सीमोल्लंघन करणाऱ्या आपल्या कुणब्याला हा गडी लगेच कळला असता. गावात मागे राहिलेली, मासे मारणारी, लोकर विणणारी माणसं मात्र त्याच भाषेची, त्याच देवांची असूनही व्हायकिंग नव्हती. त्यांना ‘नॉर्स’ म्हणावं, असा अभ्यासकांचा आग्रह असतो.

व्हायकिंग युगाच्या सीमा सहसा इंग्लंडच्या बाजूनं आखतात. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर धाड पडली तिथून, १०६६ मध्ये स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्द्राडा पडला तिथपर्यंत. लिहिता येत होतं ते मठातल्या साधूंना, आणि लुटले गेले तेही साधूच. साहजिकच कागदावर उरला तो रक्तपिपासू रानटी. बंगालमधल्या अंगाईत ज्या ‘बर्गी’ची भीती घालतात, तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतला बारगीर. एकाच स्वाराच्या दोन बखरी असतात, हे मराठी माणसाला निराळं सांगायला नको. साधू खोटं लिहीत होते असं मात्र नाही. धाडी खऱ्या होत्या, डब्लिनचा गुलामांचा बाजारही खरा होता.

पण त्याच बोटी व्यापारालाही जात. स्वीडनच्या गोटलँड बेटावर १९९९ मध्ये शेतात सापडलेल्या एका घबाडात ६७ किलो चांदी होती, त्यात चौदा हजारांवर नाणी, बहुतेक सगळी अरबी मुलखातली. स्टॉकहोमजवळच्या हेल्गो बेटावर १९५६ मध्ये उत्खननात जेमतेम आठ सेंटिमीटरची काशाची बुद्धमूर्ती निघाली. ती सहाव्या शतकाच्या सुमारास भारतीय उपखंडाच्या वायव्येला घडवलेली. किती हात बदलत ती त्या थंड तळ्याकाठी पोचली असेल, याचा विचार करत मी कितीतरी वेळ तिच्या फोटोकडे बघत बसलो होतो.

सोनेरी केस आणि ‘शुद्ध रक्त’ याचंही तेच. २०२० मध्ये ४४२ सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बऱ्याच जणांचे केस तपकिरी निघाले. ओर्कनीत व्हायकिंग पद्धतीच्या तलवारींसह पुरलेले दोघे तर वंशानं स्कॉटलंडच्याच मातीतले होते. म्हणजे काम पत्करलं, बोटीत बसला, झाला व्हायकिंग.

आता शिंगं.

नॉर्वेत येर्मुंडबू नावाच्या शेतात १९४३ मध्ये लोखंडाचे तुकडे सापडले. ते जोडल्यावर दहाव्या शतकातलं एक शिरस्त्राण तयार झालं. गोल टोप, मधून पट्टी आणि डोळ्यांभोवती गॉगलसारखी जाळी. व्हायकिंग काळातलं जवळजवळ पूर्ण म्हणावं असं सगळ्यात प्रसिद्ध शिरस्त्राण ते हेच, आणि त्याला शिंगं नाहीत. असायचं कारणही नाही. दाटीवाटीनं भरलेल्या बोटीत शिंगं शेजाऱ्याच्या डोळ्यात जाणार, आणि लढाईत ती म्हणजे शत्रूला धरायला आयती मूठ.

गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी डेन्मार्कमध्ये व्हेक्सोच्या दलदलीत खरोखरीचे शिंगवाले टोप सापडले होते. काशाचे, लांब वळणदार शिंगांचे, दिमाखदार. पण ते इसवी सनापूर्वी ९०० च्या सुमाराचे. लिंडिसफार्नवर धाड घालणाऱ्यांना ते जितके जुने, तितका आज आपल्याला बदामीच्या चालुक्यांचा काळही जुना नाही, आणि तेही पूजाविधीचे असावेत, लढाईचे नव्हेत. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या, व्हायकिंग काळातल्या थडग्यातल्या विणलेल्या पटावर एक शिंगवाली आकृती दिसते. म्हणजे देवकार्यात शिंगांची कल्पना शिल्लक होती. रणांगणावर मात्र नव्हती.

मग भाच्याच्या टोपीपर्यंत ती आली कुठून? जर्मनीतल्या बायरॉइटमधून. १८७६ मध्ये तिथे वॅग्नर या जर्मन संगीतकाराच्या ‘रिंग’ या चार भागांच्या संगीतनाट्याचा पहिला पूर्ण प्रयोग झाला. वेशभूषा कार्ल एमिल डोप्लरची. त्यानं काही पात्रांच्या टोपांवर शिंगं बसवली, काहींवर पंख. नाटक व्हायकिंगांचं नव्हतंच, नॉर्स आणि जर्मन दंतकथांचं होतं. पण रंगभूमीवर शोभलं ते चित्रांत गेलं, चित्रांतून शाळेच्या पुस्तकांत. सरस्वती कशी दिसते हे जसं रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घरोघर पक्कं केलं, तसंच हे. मला त्यात फसवणूक वाटत नाही. डोप्लर वेशभूषाकार होता, पुरातत्त्वज्ञ नव्हे.

मिनेसोटाची गोष्ट इथून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडन आणि नॉर्वेतून लोकांचे लोंढे त्या थंड, तळ्यांच्या मुलखात येऊन वसले. गरीब शेतकरी, चर्चला नियमित जाणारे. धाडी घालणारे पूर्वज त्यांना अभिमानाला हवे होते, वागायला नव्हे. १८९८ मध्ये तिथल्या केन्सिंग्टन गावाजवळ ओलोफ ओमान या स्वीडिश शेतकऱ्याला झाड उपटताना रून ही जुनी नॉर्स लिपी कोरलेला दगड ‘सापडला’. त्यावर १३६२ साल. म्हणजे कोलंबसाच्या १३० वर्षं आधी आमचे लोक इथवर आले होते! भाषातज्ज्ञांनी तो बनावट ठरवला, तरी त्या भागात आजही त्याचा मान आहे. उपऱ्या माणसाला नव्या गावात जुना सातबारा दाखवावासा वाटतोच. खरा पुरावा मिळाला तो १९६० मध्ये, कॅनडाच्या न्यूफाउंडलँडमध्ये लान्स ओ मेडोजला. तिथलं एक लाकूड १०२१ मध्येच तोडलेलं, इतकं नेमकं साल आता ठरलंय. तिथे सापडली ती घरांची जोती, लोहाराची भट्टी आणि एक काशाची टाचणी. टोपीवर लावण्यासारखं काहीच नाही.

त्याच १९६० मध्ये मिनेसोटाला व्यावसायिक फुटबॉल संघ मिळाला, आणि नाव व्हायकिंग्ज ठरलं. जांभळ्या हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना शिंगं आहेत, पण फक्त रंगवलेली. खेळाडूंना खरी शिंगं परवडत नाहीत, दहाव्या शतकातही परवडत नव्हती. सामन्याआधी तिथे ‘ग्यालरहॉर्न’ नावाचं प्रचंड शिंग फुंकतात. जगबुडीच्या लढाईआधी हेमडाल देव जे रणशिंग फुंकणार, त्याचं हे नाव. संघानं चार वेळा सुपर बोल, म्हणजे स्पर्धेचा अंतिम सामना, गाठला आणि चारही वेळा हरला, त्यामुळे चाहत्यांना जगबुडी परिचयाची आहे.

त्यांची आरोळी ‘स्कोल!’. मूळ शब्द ‘स्काल’, अर्थ वाडगा. पेला उंचावताना स्कँडिनेव्हियात आजही तो म्हणतात. ‘स्कल’ म्हणजे कवटी, व्हायकिंग शत्रूच्या कवटीतून दारू प्यायचे, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून सोडून द्या. ती आख्यायिका १६३६ च्या एका लॅटिन भाषांतरातल्या चुकीतून आली. मूळ नॉर्स कवितेत ‘कवट्यांच्या वाकड्या फांद्या’ असं होतं, म्हणजे गुरांची शिंगं, म्हणजे पिण्याची शिंगं. भाषांतरकारानं शिंग गाळलं आणि कवटी ठेवली.

या आरोळीला जोडून डोक्यावर हात नेऊन वाजवायची टाळी मिनेसोटात आली २०१६ मध्ये, आणि तिचा प्रवास मला सगळ्यात आवडतो. त्या वर्षीच्या युरो या (आपल्या ओळखीच्या, पायानं खेळायच्या) फुटबॉल स्पर्धेत सव्वातीन लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या आइसलँडनं २७ जूनला नीस शहरात इंग्लंडला २–१ नं घरी पाठवलं. सामन्यांनंतर खेळाडू आणि प्रेक्षक समोरासमोर उभे राहत. ढोलाचे दोन ठोके. शांतता. मग हजारो हात एकदम, आणि ‘हूऽऽ’. पुन्हा शांतता, ती मघापेक्षा थोडी कमी. ठोके जवळ जवळ येत जातात आणि शेवटी नुसता कडकडाट. जगभर बातम्या झाल्या, ‘व्हायकिंग टाळी’! प्रत्यक्षात ती स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबच्या चाहत्यांची. २०१४ मध्ये आइसलँडचा स्त्यार्नन हा क्लब त्यांच्याशी खेळला, जिंकला, आणि त्याचे चाहते येताना टाळी घेऊन आले. दुसऱ्याच्या किनाऱ्यावर जायचं आणि उत्तम तेवढं उचलून आणायचं! अख्ख्या प्रकरणात अस्सल व्हायकिंग एवढंच.

आता धाकट्याच्या अंगावरची दुसरी आवडती गोष्ट, मळ. पिंजारलेली दाढी, चिखल, तेलकट केस. थोरल्याच्या थडग्यांतून आणि वस्त्यांतून जागोजागी निघतात त्या फण्या, हरणाच्या शिंगाच्या, बारीक दातांच्या, नक्षीदार. व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंग होतं ते हे. इंग्लंडमधल्या एका साधूची मध्ययुगीन बखर कुरकुरते, की हे डेन, म्हणजे डेन्मार्ककडचे लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी अंघोळ करतात, कपडे वरचेवर बदलतात आणि चांगल्या घरच्या बायकांना भुरळ घालतात. शनिवारचं नॉर्स नावच ‘लौगरदाग्र’, म्हणजे न्हाण्याचा वार. नॉर्वेत आज ‘लोरदाग’ म्हणतात ते तेच. उलट ९२२ मध्ये व्होल्गाकाठी रूस, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या नॉर्स व्यापाऱ्यांना भेटलेला बगदादचा दूत इब्न फदलान त्यांना खजुराच्या झाडांसारखे उंच म्हणतो आणि लगेच नाक मुरडतो. एकाच घंगाळात सगळे तोंड धुतात, नाकही त्यातच शिंकरतात! वाहत्या पाण्यानं वुजू करणाऱ्याला ते किळसवाणं वाटणारच. मठातल्या साधूला मात्र आठवड्याची अंघोळ हीच चैन वाटली.

थोरला स्वतः काय खेळायचा? कुस्ती. आइसलँडमध्ये ‘ग्लिमा’ नावानं ती टिकली आहे. दोघं ताठ उभे राहून एकमेकांच्या पट्ट्याला धरतात आणि गोल पावलं टाकत डाव मारतात. १९०६ पासून तिथे मानाच्या ‘ग्रेट्टिर पट्ट्या’साठी कुस्त्या होतात; आपल्याकडे गदा, तिकडे पट्टा. पटावरचा खेळ ‘नेफाताफ्ल’. मधोमध राजा, भोवती थोडे रक्षक, चारी बाजूंनी दुप्पट हल्लेखोर. आपल्या वाघ-बकरीसारखा दोन बाजूंचं बळ असमान असलेला. ‘क्नात्लेइक्र’ नावाचा चेंडू-दांड्याचा खेळही होता. त्याचे नियम हरवले, राग शिल्लक आहे. एका कथेत सात वर्षांचा एगिल खेळात हरतो आणि परत येऊन समोरच्या मुलाच्या डोक्यात कुऱ्हाड घालतो.

नॉर्वेची मोठी स्की शर्यत ‘बिर्केबेइनर’ हीही परदेशी लोक व्हायकिंगांच्या खात्यावर टाकतात, पण तिची घटना १२०६ मधली, म्हणजे व्हायकिंग युग संपून १४० वर्षं झाल्यावरची. यादवीत दोन योद्ध्यांनी तान्ह्या राजपुत्र होकोनला वाचवण्यासाठी बर्फाचे डोंगर ओलांडले. १९३२ पासून त्याची आठवण म्हणून ५४ किलोमीटरची शर्यत होते, आणि प्रत्येक स्पर्धकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोची पिशवी लागते. ते त्या बाळाचं प्रतीक. पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चालणाऱ्यांना ही पिशवी समजावून सांगावी लागणार नाही.

धाकट्यानं वाईट संगतही केली. ‘शुद्ध नॉर्डिक योद्धा’ ही प्रतिमा नाझींनी उचलली, एसएस या त्यांच्या सशस्त्र दलाच्या एका डिव्हिजनचं नावच ‘विकिंग’ ठेवलं. तपकिरी केसांचे, मिश्र रक्ताचे, अरबी चांदी मोजणारे थोरले त्या भरतीत पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

आणि थोरल्याचा वारसा? तो शिंगांसारखा दिसत नाही. इंग्रजीतले ‘दे’, ‘एग’, ‘नाइफ’, ‘स्काय’ हे शब्द त्याचे. ‘विंडो’ म्हणजे ‘विंदौगा’, वाऱ्याचा डोळा. आपलं गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. खिडकीला डोळा म्हणायचं दोन्हीकडे सुचलं. भाच्याच्या कानातले इअरफोन मोबाइलला जोडणाऱ्या ब्लूटूथचं नाव दहाव्या शतकातल्या हाराल्ड या डेन्मार्कच्या राजाचं टोपणनाव, आणि ते टोकदार चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची दोन रून आद्याक्षरं एकावर एक. मिनेसोटाच्या स्टेडियममध्ये सगळ्यात अस्सल व्हायकिंग वस्तू प्रत्येकाच्या खिशात असते.

हे सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं. शनिवारच्या अंघोळीपर्यंत त्यानं निमूट ऐकलं. मग म्हणाला, “मामा, इथे बाहेर उणे वीस आहे. आठवड्यातून एकदा म्हणजे इथल्या मानानं चंगळच की! टोपी घालतोयस ना?”

घातली होती. डावं शिंग जरा वाकडं बसतं.