टॉवेलची दांडी आणि आधाराची दांडी

आमच्या अण्णांच्या बाथरूममधली टॉवेलची दांडी एका बाजूने खाली आली होती. स्क्रू आवळले, महिन्याभरात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आवळताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंचा ओला झाला तरी असून असून किलोभराचा, त्याने दांडी अशी वाकडी होणार नाही. अण्णा रोज आंघोळीनंतर स्टुलावरून उठताना तिला धरत होते आणि घरात कुणालाच बोलले नव्हते.

तुमच्याकडे वयस्कर माणूस असेल आणि टॉवेलची दांडी सारखी सैल होत असेल, तर प्लंबरला बोलावण्याआधी त्या माणसाशी बोला. त्यांना आधार लागतोय, आणि तो ते चुकीच्या वस्तूकडून घेताहेत.

चूक त्यांची नाही. टॉवेलची दांडी आणि आधाराची दांडी, दोन्ही वस्तू दिसायला सारख्याच. दोन्ही चकचकीत स्टीलच्या, दोन्ही भिंतीला आडव्या, दुकानातही शेजारी शेजारी टांगलेल्या. ‘जरा मजबूत दांडी द्या’ म्हटलं तर जाडसर टॉवेल रॉडच हातात पडू शकतो. म्हणून नाव घेऊन मागावी: ग्रॅब बार. आणि घेण्याआधी टोकं बघावीत.

टॉवेल रॉडची नळी बहुधा स्वतः भिंतीला स्क्रूने बसवलेली नसते. भिंतीवर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर दांडीच्या टोकाचा कप अडकवतात आणि खालून एक बारीकसा स्क्रू आवळतात. सगळा भार त्या स्क्रूच्या टोकावर. ग्रॅब बारची नळी टोकाशी वळून थेट चकतीला वेल्ड केलेली असते, आणि त्या चकतीला साधारण तीन भोकं असतात. वरून झाकण सरकवल्यावर ती दिसत नाहीत, म्हणून झाकण मागे सारून बघायचं.

अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार, म्हणजे अपंगांना वावरता यावं म्हणून केलेल्या नियमांनुसार, अशा दांडीने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलोचा भार पेलायला हवा. गोल नळीची जाडी सव्वा ते दोन इंच, कारण त्याहून बारीक दांडीवर म्हाताऱ्या हाताची मूठ नीट बसत नाही. भिंत आणि दांडीमधली फट बरोबर दीड इंच. एवढ्या फटीत बोटं सहज जातात, पण तोल जाताना हात घसरून कोपरापर्यंत आत अडकायची भीती कमी राहते. टॉवेल रॉड भिंतीपासून बऱ्यापैकी लांब ठेवतात, कारण पंचा वाळायला वारा लागतो. तीच लांब फट पडणाऱ्या माणसाचा हात अडकवू शकते.

आता उंचीचं बघा, माझ्या मते खरा फरक इथे आहे. टॉवेल रॉड आपण छातीच्या किंवा खांद्याच्या उंचीला लावतो. बसलेला माणूस तो धरून उठतो तेव्हा त्याला खाली दाबत नाही, स्वतःकडे ओढतो. म्हणजे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो, आणि प्लास्टिकच्या गिट्टीत बसवलेला स्क्रू नेमका याच ओढीपुढे हार मानतो. कमोडजवळची आधाराची दांडी त्याच मानकांत जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर सांगितली आहे. तिथे तळहाताने खाली रेटून उठता येतं. भार खालच्या दिशेला गेला की स्क्रू तो कितीतरी चांगला झेलतो.

पण दांडी कितीही चांगली असली तरी ती भिंतीइतकीच पक्की. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर फास्टनर घट्ट बसतात. नव्या इमारतींत मात्र हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. त्यात साधी गिट्टी काही दिवसांत फिरू लागते. तिथे खास त्या ब्लॉकसाठीचे लांब प्लग लागतात, किंवा भोकात रसायन भरून बसवायचे अँकर. भिंतीपलीकडे आपलीच खोली असेल तर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी. टाइलवर आधी टिचकी मारून बघा. आवाज पोकळ आला तर मागे सिमेंट भरलेलं नाही, तिथे भोक पाडू नका. नळाच्या आणि डायव्हर्टरच्या (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते फिरवणाऱ्या खटक्याच्या) सरळ वर-खालीही नको, तिथून पाइप गेलेला असतो. काम झालं की बसवणाऱ्या माणसासमोरच घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने दांडीला लटकून बघावं. यात संकोच कसला?

व्हॅक्यूमच्या रबरी कपांनी टाइलला चिकटणारी दांडीही मिळते. ड्रिल नको, भाड्याच्या घरात सोयीची, म्हणून खूप जण घेतात. तिने उभ्या माणसाला तोल सांभाळायला मदत होते, पण अंगाचं वजन तिच्यावर टाकायचं नाही. कपाखाली टाइलचा सांधा आला किंवा टाइल खरखरीत असली की हवा आत शिरते आणि ती न सांगता सुटते. घरमालक ड्रिल करू देत नसेल तर मी हात असलेली कमोड खुर्ची घेईन. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात, आणि त्या साधनांत कमोड खुर्ची आहे.

परदेशी मापं डोळे मिटून उचलायचीही नाहीत. तिकडची मापं टब, शॉवर आणि कमोड धरून केलेली. आपल्याकडे बादली-तांब्याची आंघोळ बुटक्या स्टुलावर बसून होते, आणि खरी कसरत तिथून उठताना असते. शिवाय पूर्वीच्या न्हाणीघरात खरखरीत शहाबादी फरशी होती, आता पायाखाली गुळगुळीत टाइल. स्टूल आधी उंच करा, बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत इतकं. मग दांडीची जागा ठरवा. दाराशी पायरी असेल तर तिथे एक छोटी उभी दांडीही लावा. मोतीबिंदू असेल तर पांढऱ्या टाइलवर स्टील दिसत नाही, गडद रंगाची दांडी घ्या.

आम्ही अण्णांना कोरड्या बाथरूममध्ये, कपड्यांसकट, स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, ‘उठा, जसे रोज उठता तसे.’ चार वेळा उठायला लावलं. दर वेळी हात जिथे गेला तिथे पेन्सिलने खूण केली. ती जागा माझ्या अंदाजाहून वीतभर पुढे आणि बरीच खाली निघाली. दांडी तिथे लागली. जुनी टॉवेलची दांडी त्याच दिवशी काढून टाकली, कारण ती राहिली असती तर सवयीने हात तिच्याकडेच गेला असता. पंचा आता दारामागच्या खुंटीला असतो.